शत्रूला माहीत, संसदेला नाही

देशाच्या सुरक्षेवर किंवा परराष्ट्र धोरणावर कुणी जरा जाणकारीने शंका घेतली, की ठरलेले उत्तर अंगावर येते. खरी माहिती सरकारकडे असते, तुमच्याकडे नाही. अर्धवट माहितीवर लिहाल तर सैन्याचे मनोधैर्य खचेल, शत्रूच्या हाती कोलीत मिळेल. तेव्हा ज्याचे काम त्याला करू द्या. हे उत्तर केवळ सरकारी प्रवक्तेच देतात असे नाही. वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत ते असते, व्याख्यानमालांच्या प्रश्नोत्तरांत असते, आणि रोज संध्याकाळी वाहिनीवर बसून सीमेपलीकडचे नकाशे रंगवणारे निवृत्त अधिकारीही ते देतात. स्वतःला मात्र त्यातून वगळतात.

हे मत ऐकायला मोठे समंजस वाटते. त्यामुळेच त्याची नीट उलटतपासणी होत नाही. शिवाय त्यात थोडे तथ्य आहे, आणि त्याचा पुरावा मुंबईनेच पुरवला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउस इथली कारवाई वाहिन्यांनी थेट दाखवली. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ती पाहत होते आणि आतल्या अतिरेक्यांना फोनवरून सूचना देत होते. ते संभाषण पुढे न्यायालयासमोर आले. २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या वागण्यावर कडक ताशेरे ओढले. त्यांतला एकही शब्द मला जास्तीचा वाटत नाही.

पण नरिमन हाउसच्या गच्चीवर कमांडो उतरत असताना कॅमेरा त्यांच्यावर रोखणे वेगळे, आणि समुद्रावरची गस्त तोकडी का पडली, हा प्रश्न अभ्यासाने विचारणे वेगळे. तुकड्या कुठे आहेत, हल्ला कधी होणार, खबर कुणी दिली, हे गुपित राहिलेच पाहिजे. ते फुटले तर माणसे मरतात. पण अशा बहुतेक गुपितांचे आयुष्य तासांचे किंवा दिवसांचे असते. खबऱ्याचे नाव तेवढे कायमचे झाकावे लागते. धोरण काय होते, ते कुणी आखले, कशाच्या भरवशावर आखले आणि ते का फसले, या गोष्टी त्या जातीच्या नाहीत. गप्प बसा म्हणणारे पहिल्या प्रकारचे उदाहरण देतात आणि तोंड मात्र दुसऱ्या प्रकाराचे बांधतात. सगळी गोम इथेच आहे.

आता शत्रूच्या हाती मिळणाऱ्या कोलीताकडे वळू.

अक्साई चीनमधून शिनच्यांग आणि तिबेट यांना जोडणारा रस्ता पूर्ण झाल्याचे चीनने १९५७ मध्ये जाहीर केले. त्यात लपवाछपवी काही नव्हती. १८ ऑक्टोबर १९५८ रोजी भारताने चिनी राजदूताला टिपण देऊन या रस्त्याबद्दल निषेध नोंदवला. त्या भागात गेलेल्या आपल्या गस्ती तुकडीचा ठावठिकाणाही विचारला. तुकडी चिन्यांनीच पकडली होती. म्हणजे भारताला रस्त्याची खबर आहे हे पेकिंगला ठाऊक, भारताचा आक्षेप काय आहे हेही पेकिंगला ठाऊक. ठाऊक नव्हते ते भारताच्या संसदेला. तिला ही गोष्ट कळली ऑगस्ट १९५९ मध्ये, दहा महिन्यांनी. या वादावरची पहिली श्वेतपत्रिका निघाली सप्टेंबरात. या दहा महिन्यांत गुपित नेमके कुणापासून राखले जात होते?

याचा एक बचाव नेहमी केला जातो. लोकांचा क्षोभ उसळला असता तर वाटाघाटींची दारे बंद झाली असती, म्हणून नेहरूंनी हे प्रकरण हळू हाताळले. प्रत्यक्षात काय झाले? क्षोभ उसळलाच, आणि फसवले गेल्याच्या भावनेने दुप्पट उसळला. त्यानंतर इंचभर तडजोडीचे नाव काढणेही पंतप्रधानांना जड झाले. याच क्षेत्रातली सीमा १९५४ पूर्वीच्या आपल्या सरकारी नकाशांवर अनिश्चित म्हणून दाखवलेली होती. ठाम रेघ त्या वर्षीच्या नव्या नकाशांत आली. हे सांगणारे चार इतिहासकार, दोन भूगोलतज्ज्ञ आणि एखादा निवृत्त राजदूत १९५७ पासून खुलेपणाने लिहीत असते, तर लोकांना निदान वाद कशाचा आहे हे कळले असते. कदाचित त्यातून काहीच वेगळे घडले नसते. पण जे घडले त्याहून वाईट घडले असते, असे मानायला मला तरी आधार सापडत नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, तज्ज्ञ सरकारात होतेच की. होते. त्यांतल्या एकाची हकिकत महाराष्ट्राने तरी विसरू नये. लेफ्टनंट जनरल शं. पां. पा. थोरात हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे. ईशान्य सीमेची जबाबदारी असलेल्या पूर्व विभागाचे ते प्रमुख होते, लखनौला त्यांचे मुख्यालय होते. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी चीनच्या संभाव्य आक्रमणाबद्दल सविस्तर टिपण तयार करून वर पाठवले. सीमेला चिकटून चिमुकल्या चौक्या टाकण्यापेक्षा मागे, जिथे रसद पोचू शकते तिथे मजबूत फळी धरावी, असा त्याचा गाभा. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाच्या सरावात त्यांनी हा सगळा प्रसंग वरिष्ठांसमोर मांडूनही दाखवला. लष्करप्रमुख थिमय्या यांना टिपण पटले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पटले नाही. आपण चीनला मुत्सद्देगिरीने रोखू, याची त्यांना खात्री होती. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले. १९६२ च्या युद्धातल्या पराभवानंतर पंतप्रधानांनी त्यांना बोलावून घेतले, आणि हे टिपण आपल्यापर्यंत का आले नाही असे विचारले. ही आठवण थोरातांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. बैल गेला आणि झोपा केला, याहून वेगळे काय म्हणायचे?

या हकिकतीत ज्ञानाची कमतरता कुठेच नाही. माहिती पुरी होती, अभ्यास पुरा होता, अधिकारी अनुभवी होता. पण सगळे ज्ञान एका अरुंद जिन्याने वर चढत होते आणि जिन्याच्या तोंडाशी एक माणूस बसला होता. त्याला पटले नाही की संपले. मंत्र्याच्या वरचा माणूस तेच म्हणणे दुसरीकडे वाचू शकेल, अशी दुसरी वाट नव्हती. सेवेतल्या सेनापतीने वर्तमानपत्रात लिहावे असे मी म्हणत नाही. ती शिस्त हवीच. म्हणून तर बाहेर लिहिणारा जाणकार लागतो. तो आतल्या माणसापेक्षा हुशार नसतो. फक्त त्याचा कागद मंत्र्याच्या टेबलावर अडकत नाही.

मेनन यांच्या कारभाराचा आणखी एक नमुना. लढाईपूर्वीच्या बैठकी अतिगोपनीय आहेत, तेव्हा त्यांचे इतिवृत्त ठेवू नये, असे त्यांनी सांगितले होते. गुप्ततेचा कळस तो हाच. शत्रूला कळू नये म्हणून आपणच काय ठरवले याची आपल्याकडेही नोंद नाही. चिन्यांना थागला कड्यावरून हुसकावण्याचा निर्णय सप्टेंबर १९६२ मध्ये झाला तेव्हा लष्करप्रमुख थापर यांनी लेखी आदेश मागितला. तो त्यांना मिळाला एका संयुक्त सचिवाच्या सहीने. ज्या ब्रिगेडने तो अमलात आणायचा होता तिचे जवान उन्हाळी गणवेशात, हाडे गोठवणाऱ्या उंचीवर, माणशी पन्नासेक गोळ्या घेऊन उभे होते. मनोधैर्याची काळजी करणाऱ्यांनी एवढे एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. त्या जवानाचे धैर्य कुणाच्या लेखाने खचले नव्हते. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथली ४६ माणसे कामी आली आणि आजही पिढ्यान्‌पिढ्या तिथली मुले फौजेत जातात. अशा घरांना लेखांची भीती घालणे हा त्यांचा अपमान आहे. त्यांना वेळेवर बूट, दारूगोळा आणि शुद्धीवर असलेला हुकूम हवा असतो.

पराभवानंतर हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण अभिमानाने सांगतो. यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले तेव्हा लष्कराने नेमलेली चौकशी सुरू झाली. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांनी अहवाल दिला. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत त्यावर निवेदन केले. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, नेतृत्वाची साखळी, जवानांची शारीरिक तयारी, अधिकाऱ्यांची कुवत, असे एकेक खाते उघडून त्यांनी दोष सांगितले. मैदानी प्रदेशातून थेट डोंगरावर चढवलेली पलटण विरळ हवेला सरावलेली नव्हती, हेही सांगितले. अहवाल मात्र प्रसिद्ध करणार नाही म्हणाले. त्याने सुरक्षिततेला धोका होईल आणि सीमेवरच्या माणसांच्या मनोधैर्यावर परिणाम होईल, हे कारण दिले.

चव्हाणांचा तो निर्णय मला त्या दिवसापुरता मान्य आहे. युद्ध संपून वर्ष झाले नव्हते, फौज नव्याने उभी करायची होती, चीन समोर तसाच बसला होता. आणि चव्हाणांनी तरीही संसदेला पुष्कळ सांगितले. आजच्या कोणत्याही संरक्षणमंत्र्याचे निवेदन त्या शेजारी ठेवून पाहावे. पण तेच कारण पुढे वारशात मिळालेल्या जमिनीसारखे प्रत्येक सरकारने कसले. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी माहिती अधिकारात अहवाल मागितला, तो २००९ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने नाकारला. २०१० मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले की त्यातला मजकूर आजही लष्करी कारवाईच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मार्च २०१४ मध्ये त्यातला मोठा भाग नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने स्वतःहून जगापुढे ठेवला. त्याच्याकडे तो १९७० साली १९६२ च्या युद्धावरचे पुस्तक लिहिण्यापूर्वीपासूनच होता. राज्यसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांनी लगोलग लेख लिहून दप्तरे अनिश्चित काळ दडवून ठेवण्यावर टीका केली. मे महिन्यात सरकार बदलले, जेटली संरक्षणमंत्री झाले, आणि जुलैमध्ये त्यांनी राज्यसभेला सांगितले की अहवाल प्रसिद्ध करणे राष्ट्रहिताचे नाही. तेव्हा हा दोष एका पक्षाचा म्हणून कुणी अंग झटकू नये. खुर्चीच्या अलीकडचे मत आणि पलीकडचे मत, एवढाच फरक.

मजा अशी की मॅक्सवेलच्या पानांत चिन्यांना उपयोगी पडेल असे काहीच निघाले नाही. निघाल्या त्या आपल्या चुका, ज्या चिन्यांनी १९६२ मध्ये स्वतः वापरून पाहिल्या होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची असते खरी. पण मुठीत काय आहे ते समोरच्याला माहीत असेल तर ती झाकून कुणाला दाखवायची?

चव्हाणांनी पराभवातून आणखी एक धडा घेतला, त्याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. संरक्षणाचा अभ्यास मंत्रालयाच्या रोजच्या धबडग्याबाहेर व्हावा म्हणून नोव्हेंबर १९६५ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत, दिल्लीत संरक्षण अध्ययन आणि विश्लेषण संस्था स्थापन झाली. १९६८ मध्ये तिची सूत्रे के. सुब्रह्मण्यम यांच्याकडे आली. सुब्रह्मण्यम सनदी अधिकारी. पण लेखणी सतत चालती. अण्वस्त्रांपासून संरक्षण खर्चापर्यंत त्यांनी वर्तमानपत्रांतून जे लिहिले त्याने या देशात या विषयावर सामान्य वाचकाला बोलता येऊ लागले.

आता कोलीताचा खरा दाखला देतो, कारण माझ्या बाजूला गैरसोयीचा असला तरी तो टाळून चालणार नाही. ३१ मार्च १९७१ रोजी दिल्लीतल्या एका परिसंवादात सुब्रह्मण्यम यांनी मांडणी केली की पाकिस्तान फुटणे भारताच्या हिताचे आहे आणि अशी संधी पुन्हा येणार नाही. पाकिस्तानने हे वाक्य उचलले आणि भारताच्या कटाचा पुरावा म्हणून जगभर मिरवले, आजही मिरवतो. आजचे मनोधैर्यवादी तेव्हा असते तर त्यांनी या माणसाला देशद्रोही ठरवून घरी बसवले असते. इंदिरा गांधींच्या सरकारने काय केले? त्यांना संचालकपदावर राहू दिले. ते १९७५ पर्यंत तिथेच होते आणि १९८० मध्ये पुन्हा तिथे आले. डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्यात काय झाले ते सर्वांना माहीत आहे. पाकिस्तानच्या प्रचाराला एक वाक्य मिळाले, पण भारताच्या फौजेचे त्यामुळे काडीचेही अडले नाही. एका लेखाने देश कोसळतो असे मानणाऱ्यांचा आपल्या देशावर फारच कमी विश्वास असावा.

कारगिलनंतर चौकशी समितीचे अध्यक्षपद याच सुब्रह्मण्यम यांच्याकडे गेले. सदस्यांत निवृत्त सेनानी के. के. हजारी आणि पत्रकार बी. जी. व्हर्गीस होते, म्हणजे चौघांच्या समितीत एक नुसता लिहिणारा माणूस. अहवाल डिसेंबर १९९९ मध्ये तयार झाला, फेब्रुवारी २००० मध्ये काही भाग झाकून संसदेत मांडला गेला आणि पुस्तकरूपाने दुकानात मिळू लागला. त्यात गुप्तचर यंत्रणांच्या ढिलाईवर स्पष्ट बोट ठेवले होते. फौज खचली नाही. उलट १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे अधिकृत इतिहास सरकारने प्रसिद्ध करावेत, असे या समितीनेच सुचवले. तिच्या पाठोपाठ मंत्रिगटाने २००१ मध्ये तिन्ही दलांच्या वर एक प्रमुख नेमण्याची शिफारस केली. त्या प्रमुखाने पद हाती घेतले १ जानेवारी २०२० रोजी. मधली एकोणीस वर्षे ही मागणी कुणी जिवंत ठेवली? मंत्रालयातल्या फायलींनी नाही. माजी नौदलप्रमुख अरुण प्रकाश यांच्यासारखी माणसे दर काही महिन्यांनी तेच तेच चिकाटीने लिहीत राहिली. ज्यांना बाहेरच्या लिखाणाचा उपयोग विचारायचा आहे त्यांनी हे उदाहरण पाहावे.

मुंबईच्या चौकशीचे मात्र हेंडरसन ब्रुक्स अहवालासारखेच झाले. २००८ च्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने दोघांची समिती नेमली: राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन. हे राम प्रधान म्हणजे १९६२ नंतर संरक्षण मंत्रालयात चव्हाणांचे खासगी सचिव असलेले, पुढे केंद्रीय गृहसचिव झालेले अधिकारी. हेंडरसन ब्रुक्स अहवाल ज्या टेबलावर आला त्या टेबलाशेजारी बसलेला माणूस सेहेचाळीस वर्षांनी स्वतः अहवाल लिहितो, आणि त्याच्याही अहवालाचे तेच होते. आधी केवळ सरकारने काय कृती केली तेवढे मांडले गेले. मूळ अहवाल फुटला, गदारोळ झाला, तेव्हा डिसेंबर २००९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तो ठेवावा लागला. समितीची कक्षा मुंबई पोलिसांपुरती होती. केंद्राच्या यंत्रणांनी काय केले, काय नाही, हे तपासणारी तशी राष्ट्रीय चौकशी अजून झालेली नाही. अमेरिकेत ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा चौकशी अहवाल २००४ च्या जुलैत आला आणि लोकांनी तो दुकानातून विकत घेऊन वाचला.

दुसरे सदस्य बालचंद्रन हे महाराष्ट्र केडरचे पोलीस अधिकारी, नंतर ‘रॉ’मध्ये विशेष सचिव. निवृत्तीनंतर त्यांनी गुप्तचर यंत्रणांच्या सुधारणेवर पुस्तके लिहिली, स्तंभ लिहिले. अशाच माणसांसाठी मे २०२१ च्या अखेरीस केंद्राने निवृत्तिवेतनाच्या नियमात दुरुस्ती केली. पूर्वी संवेदनशील माहिती देण्यास मनाई होती, ती रास्तच. नव्या नियमाने गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतल्या निवृत्तांना त्या संस्थेच्या कार्यक्षेत्राशी संबंधित काहीही छापण्याआधी संस्थाप्रमुखाची परवानगी घ्यावी लागते. तिथे काम करताना मिळालेले ज्ञान आणि नैपुण्य हेही त्यात आले. अटी मोडल्या तर निवृत्तिवेतन धोक्यात. नियम पुन्हा वाचा. गुपित फोडू नका, असे तो म्हणत नाही, ते आधीपासूनच होते. तुम्हाला जे कळते ते लिहू नका, असे तो म्हणतो. आणि परवानगी कुणाची? ज्या संस्थेवर टीका करायची तिच्याच प्रमुखाची. तीस वर्षे सीमा सुरक्षा दलात काढलेल्या माणसाने सीमेवर लिहायचे नाही. लिहायचे कुणी, तर ज्याने सीमा पाहिलीच नाही त्याने. मग त्याला आपण म्हणायचे, तुमची माहिती अपुरी आहे.

पुण्यात जन्मलेले माजी लष्करप्रमुख मनोज नरवणे यांचे आत्मकथन २०२४ च्या सुरुवातीला येणार होते; संरक्षण मंत्रालयाच्या छाननीत अडकून ते ठरल्या वेळी आले नाही. गलवानच्या काळात फौजेची सूत्रे ज्याच्या हाती होती त्याच्या पुस्तकाची ही गत.

गलवानचेच घ्या. पूर्व लडाखमध्ये चिनी फौजा आत आल्याचे मे २०२० मध्ये निवृत्त कर्नल अजय शुक्ला लिहीत होते, निवृत्त लेफ्टनंट जनरल पनाग लिहीत होते. दोघांनाही अफवा पसरवणारे ठरवले गेले. १५ जूनच्या रात्री गलवानमध्ये वीस जवान गेले. ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालयाने स्वतःच्या संकेतस्थळावर एक टिपण ठेवले. कुगरांग नाला, गोग्रा आणि पँगाँगचा उत्तर काठ इथे चिन्यांनी सीमा ओलांडल्याचे त्यात लिहिले होते. ६ ऑगस्टला बातम्या झाल्या आणि टिपण नाहीसे झाले. देपसांगमध्ये आपली गस्त अडवली गेली आहे, हे बाहेरचे अभ्यासक चार वर्षे लिहीत होते. २१ ऑक्टोबर २०२४ रोजी गस्त पुन्हा सुरू करण्याबाबत चीनशी समझोता झाल्याचे सरकारने जाहीर केले. जी गस्त अडलीच नव्हती ती पुन्हा सुरू कशी होते, हे अफवावाल्यांना हिणवणाऱ्यांपैकी कुणी सांगितले नाही.

आता वाहिन्यांवरच्या वीरांकडे बघा. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात एका रात्रीत कराची बंदर उद्ध्वस्त झाले, इस्लामाबाद पडले, सगळे झाले. सकाळी कराची जागेवर होती. त्या रात्री कुणी या मंडळींना विचारले का, की तुमची माहिती पुरी आहे का, परवानगी घेतली आहे का? आपला तो बाब्या. जयघोषाला दाखला लागत नाही, शंकेलाच लागतो. त्याच कारवाईत आपली विमाने पडली का, या प्रश्नावर हवाई दलाने नुकसान हा लढाईचा भाग असतो एवढे सूचित केले होते. सुरुवातीला विमाने गमावली, चूक ओळखून ती दुरुस्त केली आणि पुन्हा हल्ले केले, हे संरक्षण दलप्रमुख अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी सिंगापुरात परदेशी वृत्तसंस्थांना सांगितले. त्यांनी जे सांगितले ते प्रामाणिक आणि व्यावसायिक होते. अशा कबुलीने फौजेची पत वाढते. पण ते ऐकण्याचा पहिला मान भारतीय संसदेचा होता.

बाहेर लिहिणारे सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असे मुळीच नाही. काहींची संस्था शस्त्रे विकणाऱ्यांच्या पैशावर चालते, काहींची परदेशी अनुदानावर, काहींची मंत्रालयाच्याच कृपेवर. आणि लेखाखाली हे कुणी छापत नाही. काहींना दूतावासांची निमंत्रणे प्रिय असतात. काही जण चुकतात आणि चुकल्याचे पुढच्या लेखात नमूद करत नाहीत. त्यांना जरूर झोडा. पण चुकीच्या लेखाला बरोबर लेखाने उत्तर देता येते, ते उत्तर उद्याच्या अंकात छापता येते. चुकीच्या गोपनीय टिपणाला उत्तर द्यायचे तर ते आहे हेच कुणाला माहीत नसते. थोरातांचे म्हणणे बरोबर होते आणि मेनन यांचे चूक, हे आपल्याला युद्ध हरल्यावर कळले.

तेव्हा मागण्या तीनच आहेत, आणि त्यांत क्रांतिकारक काही नाही. निवृत्तिवेतनाच्या नियमातला ‘ज्ञान आणि नैपुण्य’ हा भाग काढून टाकावा. गुपितांवरची मनाई तशीच राहू द्यावी. चौकशी अहवाल संवेदनशील ओळी झाकून ठरावीक मुदतीत संसदेत यावेत, कारगिलचा आला तसे. आणि मराठी संपादकांनी या विषयावर मतापेक्षा अभ्यासाला जागा द्यावी, लिहिणाऱ्याचे हितसंबंध लेखाखाली छापावेत. दुसऱ्या मागणीसाठी नवा कायदाही लागत नाही. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये स्वतःचे धोरण जाहीर केले आहे: युद्धांची दप्तरे साधारणपणे २५ वर्षांत खुली करायची. चव्हाणांनी संसदेत ज्यावर निवेदन केले तो अहवाल १९६३ चा आहे. त्याची मुदत १९८८ मध्येच संपली.